खिडकीतला लव्हेंडरचा डबा

आमच्या शाळेतल्या एका नव्या बाईंना परवा क्षयाचं निदान झालं. त्या माझ्या घरी आल्या, खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुम्हालाही झाला होता ना?" मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "फार दुखतं का?" मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. दुखण्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. जे सांगायला हवं ते कोणी विचारतच नाही, म्हणून लिहून ठेवते आहे. औषधांची नावं आणि मात्रा डॉक्टर सांगतील.

एक आधीच स्पष्ट करते. मी भूत मानत नाही. छप्पन साली आमच्या घरानं नागपूरला दीक्षा घेतली. परत आल्यावर सासऱ्यांनी देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरून मोर्णा नदीत सोडले आणि त्यांच्याबरोबर करणी, उतारा, भूतखेत हेही सगळं सोडलं असं ओट्यावर उभं राहून सांगितलं. शाळेत मुलांनाही मी हेच शिकवत आले. तेव्हा पुढचं जसं घडलं तसं लिहिते. त्याचा अर्थ लावायला मला सांगू नका.

लाल दोरा

साठ साल उलटून गेलं होतं. अकोल्याच्या शाळेत मी तिसरीला शिकवत होते. खोकला लागला तेव्हा खडूची भुकटी घशात जाते असं मी सगळ्यांना सांगत होते, आणि मलाही ते पटलं होतं. मग एक दिवस पाढे म्हणून घेताना खोकल्याबरोबर रुमालावर लाल आलं. पहिल्या बाकावरच्या मुलीनं ते पाहिलं. मी रुमाल मुठीत दाबला आणि मुलांना म्हटलं, "म्हणा पुढे." मुलं म्हणत राहिली. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. तो उजेडासमोर धरून पाहिला. मग त्यांनी मला सोडून माझ्या नवऱ्याला विचारलं, "घरात लहान मूल आहे का?" त्या प्रश्नानं मला सगळं कळलं. आमची रत्ना तेव्हा पाच वर्षांची होती आणि माझ्या कुशीत झोपायची.

त्याच संध्याकाळी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, माझा पेला वेगळा केला. ओळखू यावा म्हणून त्याच्या गळ्याला लाल दोरा बांधला. बांधता बांधता त्या मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. "मी लहान होती तं पाटलाच्या ओट्याखाली मले वरून पानी वाढत," त्या म्हणाल्या. "ओंजळ धरून प्या लागे. अन् आज म्याच माह्या सुनेचा पेला येगळा केला." मी त्यांना म्हटलं, "आत्याबाई, हे रत्नासाठी आहे. बांधा घट्ट." हे मी खरंच मनापासून म्हटलं. पण त्या रात्री तहान लागली तरी मी त्या पेल्याला हात लावला नाही.

रत्नाला आजीजवळ झोपवायला लागलो. पहिल्या दिवशी ती रडली. नंतर रडायची थांबली, तेव्हा मला जास्त भीती वाटली.

मंजुळेचा पलंग

अमरावतीच्या दवाखान्यात जागा मिळाली. अकोल्याहून गाडीनं बडनेरा, तिथून टांगा. बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळचा पलंग नुकताच मोकळा झाला होता. तो कसा मोकळा झाला हे कोणी सांगितलं नाही, पण चादर घालणाऱ्या बाईनं गादी उलटली तेव्हा माझ्या लक्षात आलं. उलटलेल्या बाजूलाही कोणाच्या तरी अंगाचा खळगा पडलेला होता. मी त्यात निजले. माझ्या मापाचाच होता.

शेजारच्या पलंगावर बाळापूरच्या कौतिकाबाई होत्या. जाडजूड, तोंडानं फटकळ, आणि दोन श्वासांत एक वाक्य पुरं करणाऱ्या. त्यांनी मला आल्या आल्या सांगून टाकलं, "तुह्या पलंगावर मंजुळा होती. अंजनगाव सुर्जीची. बरी पोरगी होती. तिचं काहीच टाकू नको बाप्पा, थो डबा तं अजिबात नको."

डबा खिडकीच्या कठड्यावर होता. वनस्पती तुपाचा, रिकामा, बुडाला खिळ्यानं भोकं पाडलेला. आत रेतीमिश्रित माती आणि वर कापडाचा ओला तुकडा. मी कापड उचलून पाहिलं. खाली काहीच नव्हतं.

सिस्टर आधी चिखलदऱ्याला नोकरीला होत्या. तिथल्या जुन्या बंगल्यातल्या एका म्हाताऱ्या मडमेनं त्यांना लव्हेंडरच्या फुलांच्या अर्काची बाटली आणि बियांची पुडी दिली होती. अर्काचा थेंब रुमालावर टाकून त्या तापलेल्या बायकांचं कपाळ पुसत. तो वास मंजुळेला इतका आवडला की तिनं बी मागून घेतलं आणि डब्यात पेरलं. "मी तिला सांगितलं होतं, हे इकडच्या उन्हाचं झाड नाही," सिस्टर म्हणाल्या. "शिवाय बी उगवायला फार वेळ घेतं. ती म्हणाली, मला कुठे जायचंय."

तिला मात्र जावं लागलं. बी काही उगवलं नव्हतं.

दुपार

दवाखान्याचे दिवस एका साच्याचे असतात. पहाटे ताप मोजायची काचेची कांडी तोंडात, मग सुई, मग औषधाची ती कडूजहर पूड, जी गिळताना वॉर्डभर सगळ्यांची तोंडं एकसारखी वाकडी होत. अंडं, दूध, डॉक्टरांची फेरी. जेवणानंतर आरामाची घंटा. त्या वेळी बोलायचं नाही, वाचायचं नाही, विणायचं नाही, नुसतं पडून राहायचं.

लोक रात्रीला भितात. मला आजही भर दुपारची भीती वाटते. बाहेर वऱ्हाडातलं पांढरंफटक ऊन, आत ओढलेले पडदे, आणि इतक्या बायका डोळे मिटून उताण्या पडलेल्या. कोणती झोपली आहे आणि कोणती काय, हे कळत नसे. अशाच एका दुपारी मला कठड्यावर टक टक ऐकू आलं. डब्यावर कोणी नख वाजवावं तसं. डोळे उघडले तर कोणी नव्हतं. उन्हानं पत्रा तापला असेल, असं मी मनाशी म्हटलं. पण तेव्हा अजून पौष सरला नव्हता आणि पत्रा हाताला गार लागत होता.

काही दिवसांनी त्या डब्यात कोंब दिसले. केसाएवढे, करड्या हिरव्या रंगाचे. मी ओरडून सिस्टरांना बोलावलं. त्या आल्या, वाकल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. कौतिकाबाई पलंगावरून उतरून आल्या आणि त्यांनी हात जोडले.

मग वॉर्डाला उधाण आलं. ज्या डब्याला कोणी शिवत नव्हतं त्याला आता जी ती पाणी घालायला लागली. सकाळी तोंड धुतलं की एक चूळभर पाणी डब्याला. कोणीतरी कुंकवाचं बोट लावलं. कोणाला घरी सोडलं तर जाताना ती पेलाभर पाणी घालून नमस्कार करून जाई. मी म्हटलं, "अहो, ही तुळस नाही." कौतिकाबाई म्हणाल्या, "तुमी देव सोडले, आमी नाई सोडले. अन् झाडाले पानी घातल्यानं कोनाचं वाईट झालं काय वं मास्तरीण?"

मला ते बोलणं टोचलं, पण पाणी मीही घालत होते. खरं सांगायचं तर मी मनाशी एक गाठ मारून ठेवली होती. हे जगलं तर मी जगेन, आणि जगले तर रत्ना पुन्हा माझ्या कुशीत येईल. विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं अशी गाठ मारावी, यावरून माझी तेव्हाची हालत समजून घ्या.

निंबाखाली

लहान मुलांना वॉर्डात सोडत नसत. आत्याबाई रत्नाला घेऊन येत आणि अंगणातल्या कडुनिंबाखाली उभ्या राहत. मी खिडकीत. मध्ये मोकळं अंगण. मी हात हलवायची. आत्याबाई रत्नाचा हात धरून हलवायच्या.

"जवळ ये ना गं, भिंतीपाशी ये," मी म्हणायची. तेवढी परवानगी होती. रत्ना यायची नाही. दोन पावलं टाकून थांबायची. आणि ती माझ्या तोंडाकडे बघायचीच नाही. माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघत राहायची. मला वाटायचं, आतले पलंग, खोकणाऱ्या बायका, याला लेकरू बिचकत असेल.

एकदा मी हट्टानं विचारलं, "रत्ना, आईकडे बघ ना. काय बघतेस?" तिनं आजीच्या लुगड्यात तोंड लपवलं. त्या दिवशी त्या दोघी गेल्यावर मी जेवले नाही. सिस्टरांनी रागावून दूध पाजलं.

काळी माती

होळीच्या सुमारास रोपं जरा वर आली. त्यांना मोठी जागा हवी असं मला वाटलं. आत्याबाईंना मी खिडकीतूनच तसं सांगितलं आणि पुढच्या खेपेला त्या फडक्यात बांधून माती घेऊन आल्या. सासऱ्यांनी पुष्कळ वर्षं राबून घेतलेल्या आमच्या तुकड्यातली काळी माती. "कापूस काय, गहू काय, जे टाकसान थे येते," त्यांनी खालून ओरडून सांगितलं. तो अभिमान खोटा नव्हता. वऱ्हाडात काळ्या मातीपेक्षा चांगलं काही जगात असू शकतं, हे आम्हा कोणाच्या डोक्यातच येत नाही.

सिस्टरांनी दुसरे डबे दिले. मी रोपं सोडवून त्या सुरेख मातीत लावली. एक जरा मरतुकडं होतं, ते जुन्या डब्यातच राहू दिलं. सगळ्या बायकांनी भरभरून पाणी घातलं.

काळी माती पाणी धरून ठेवते. कापसाला ते अमृत, पण या परदेशी पाहुण्याची मुळं त्यात कुजली. एकेक रोप बुंध्याशी काळं पडून आडवं झालं. उपटून पाहिलं तर मूळ बोटावर शेवाळासारखं निघे. सिस्टरांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मडमेच्या बागेत ते दगडचुन्याच्या उतारावर होतं. पण मला वाटलं, तुमची माती..." त्याही अचलपूरच्या बाजूला, काळ्या मातीत वाढलेल्या. त्यांनाही ती माती बघून बरंच वाटलं होतं.

उरलं फक्त ते मरतुकडं. त्याचीही पानं पिवळी पडायला लागली होती, कारण पाण्याचा मारा चालूच होता. कौतिकाबाईंनी आणखी पाणी घालायला सांगितलं. मी घातलं.

आंगठा

मग मला मोठी उलटी झाली, रक्ताची. त्याचं वर्णन करत नाही. ज्यांना झाली आहे त्यांना माहीत आहे, आणि इतरांना ते कळून उपयोग नाही. मला सपाट निजवलं, बोलायचं नाही, हलायचं नाही. पलंगाभोवती पडदे लावले. वॉर्डात पडदे लागले की बायका तिकडे फिरकत नाहीत, त्यामुळे डब्याला पाणी घालायला कोणी आलं नाही.

पडून पडून मला तेवढा डबाच दिसायचा. एका सकाळी मातीत एक खळगा दिसला. गोल, आंगठ्यानं दाबल्यासारखा. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे. मला वाटलं कौतिकाबाईंचं काम. पडदे निघाले तेव्हा मी त्यांना विचारलं, "तुमी माती दाबून पाहून राहिल्या काय?"

त्यांचा चेहरा उतरला. "म्या नाई वं. मंजुळा तशी आंगठ्यानं दाबून पाहे. ओलं हाये का कोल्लं हाये म्हनून. पानमळ्यातली सवय."

पुढे कौतिकाबाई बऱ्या होऊन बाळापूरला गेल्या. खळगे पडतच राहिले. मग मी ठरवलं की मीच ते करत असणार, तापात, झोपेत, कधीतरी. मी माझा आंगठा त्या खळग्यात ठेवून पाहिला. माझा आंगठा मोठा होता. त्यानंतर मी पुन्हा तसं करून पाहिलं नाही.

पण एक गोष्ट मी शिकले. पाण्यावाचून ते रोप ताठ झालं होतं. मी वॉर्डातल्या बायकांना पाणी घालायला सक्त मनाई केली. खळगा कोरडा दिसला की तेवढ्यापुरतं घालायचं, मातीत चुन्याचे पोपडे मिसळायचे, भर उन्हाळ्यात डबा पडद्याच्या आड ठेवायचा. ते जगलं. फूल आलं नाही, पण पान चुरलं की बोटांना तो स्वच्छ, गार वास येई. पुढच्या हिवाळ्यात माझ्या छातीचा फोटो डॉक्टरांनी उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "शांताबाई, आता घरी जा."

घरी

आत्याबाईंनी पेल्याचा लाल दोरा दातांनी तोडून चुलीत टाकला. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की माझ्यापासून आता कोणाला धोका नाही. मी डबा ओसरीत ठेवला, अंघोळ केली, धुतलेलं पातळ नेसले आणि हात पसरले.

रत्ना आली नाही. मागच्या दारानं निघून गेली.

असं रोज चाललं. ती ओसरीत पाऊल टाकायची नाही. मी जवळ गेले तर माझ्या खांद्याच्या मागे बघत हळूहळू सरकायची. आत्याबाईंनी खाऊचं आमिष दाखवलं, तिच्या बाबांनी समजावलं, एकदा चिडून तिला माझ्या मांडीवर बसवलंही. लाकडासारखी बसली होती. मी म्हटलं, सोडा तिला. त्या दिवसांत मला वाटायचं, त्या पलंगावरच मेले असते तर निदान तिला माझी आठवण तरी आली असती. आजारातून उठलेल्या माणसाला असं वाटतं. घरच्यांनी हे समजून घ्यावं आणि त्याला कृतघ्न म्हणू नये.

अशात कौतिकाबाई छातीचा फोटो काढायला अकोल्याला आल्या आणि माझ्याकडे डोकावल्या. ओसरीत डबा पाहून तिथेच थबकल्या.

"हे तू इथी काहून आनलं?"

"मग? कोठी ठेवू?"

"वं बाई, मंजुळीनं हे तिच्या पोरीसाठी लावलं होतं. म्हने, माह्या अंगाले फिनाईलचा वास येते, पोट्टी जवळ येत नाई. या झाडाचा वास घेऊन घरी जाईन तं पोट्टी येईल. तुले कोनी सांगतलं नाई?"

मला कोणीच सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं सिस्टरांनी सांगितलं असेल. मी डब्याकडे पाहत राहिले. ज्यावर मी माझा जीव टांगून ठेवला होता ते झाड दुसऱ्याच एका मुलीचं होतं. ते द्यायचं माझ्या जिवावर आलं, हेही खरं. ते घरातून गेलं की खोकला परत येईल, अशी भीती वाटली. रात्र तशीच गेली. सकाळी मी आत्याबाईंना म्हटलं, "आपण अंजनगावला जाऊ."

अंजनगाव

अकोटवरून एस.टी. बदलून गेलो. आत्याबाई, मी आणि रत्ना. डबा माझ्या मांडीवर. रत्ना आजीच्या पलीकडे, खिडकीला चिकटून.

मंजुळेची आई पानमळ्याच्या कडेला राहत होती. दारात पाटाचं पाणी वाहत होतं आणि वेलांची गार सावली पडली होती. मी कोण, कुठून आले, ते सांगितलं. म्हातारीनं एक पान चुरून नाकाशी नेलं आणि बराच वेळ हात खाली घेतला नाही. "आखरीले भेटाले गेली होती मी," ती म्हणाली. "तिच्या पदराले असाच वास ये."

आतून एक मुलगी आली. रत्नाच्याच वयाची, इंदू नावाची. मी डबा तिच्या हातात दिला. "तुझ्या आईनं तुझ्यासाठी लावलं होतं. याला पाणी जास्त घालायचं नाही हं." पानमळ्यातल्या पोरीला हे सांगताना मला कसंसंच झालं. पण ती ऐकत नव्हती. तिनं डबा खाली ठेवला, उकिडवी बसली आणि मातीत आंगठा दाबून पाहिला. मग वर बघून आजीला म्हणाली, "कोल्ली हाये, पन राहू दे."

मी वाकून तो खळगा पाहिला आणि आत्याबाईंना म्हटलं, चला.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. मी मागच्या बाकावर एकटीच बसले. हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं सुचत नव्हतं. गाडी सुटली. थोड्या वेळानं रत्ना आजीजवळून उठली, बाकाच्या कडा धरत धरत आली आणि माझ्यापुढे उभी राहिली. तिनं माझ्या खांद्यामागे पाहिलं. मग खूप दिवसांनी सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"आई, ते बाई तिथीच राह्यली न?"

"कोन बाई?"

"तुह्या मांगं उभी राहे ते. दवाखान्यात. मंग घरीबी."

आत्याबाईंनी ऐकलं होतं. त्या वळून माझ्याकडे बघत होत्या. मी रत्नाला म्हटलं, "हो बाळा. ती तिच्या घरी उतरली."

"बरं झालं," रत्ना म्हणाली. मग ती बाकावर चढली, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि अकोट येईपर्यंत झोपली. तिच्या केसांवर मी हात ठेवला. बोटांना अजून तो वास येत होता. माझ्या मागे खिडकी होती, तिच्यातून वारा येत होता, आणि मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.